बायबल आणि इतिहास जुळत नसतील तर ख्रिस्ती माणसाने कोणावर विश्वास ठेवावा?

"बायबल देवाचं वचन आहे आणि इतिहास माणसांनी लिहिलेला, मग तफावत आली तर माणसांचं ऐकायचंच कशाला?" असं तुम्ही विचारलंय. हे वाक्य आमचे दाजी मला वर्षानुवर्षं ऐकवत आलेत, म्हणून लिहायला बसलो. मी साताऱ्यात हायस्कूलला इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. ख्रिस्ती घर, आजोबांपासून.

दाजींकडे रविवारी दुपारी पोरांचं संडे स्कूल भरतं. हॉलच्या भिंतीवर त्यांनी स्वतः केलेला कार्डशीटचा लांबलचक तक्ता आहे. आदाम इ.स.पू. ४००४, जलप्रलय इ.स.पू. २३४८, पुढे एकेक राजा वेगळ्या स्केचपेनने. अक्षर देखणं, त्याबद्दल वाद नाही. एकदा माझी नात तिथून आली आणि विचारायला लागली, "आजोबा, आमच्या पुस्तकात हडप्पा इ.स.पू. २६०० ते १९००. मग मधेच पूर आला तर ते लोक बुडाले कसे नाहीत?"

गेलो तिला घेऊन दाजींकडे. म्हटलं, दाजी, हा ४००४ चा आकडा कुठल्या अध्यायात आहे तेवढं दाखवा. ते उठले, कपाटातून त्यांच्या वडिलांचं मिशनच्या काळातलं इंग्रजी बायबल काढलं. पुठ्ठा सुटलेला, वर सुतळी बांधलेली. गाठ सोडून उत्पत्तीचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं, पहिलं पान उघडलं आणि समासातल्या बारीक टायपावर बोट ठेवलं. "हे काय, छापलंय की!"

छापलंय, पण समासात. वचनात नाही. तो आकडा जेम्स अशर नावाच्या आयर्लंडच्या आर्चबिशपने १६५० साली काढला. बायबलमधल्या वंशावळ्यांची त्याने बेरीज केली, पण नुसत्या बेरजेतून सन निघत नाही, कुठेतरी ठाऊक असलेल्या सालाशी ती जोडावी लागते. ते साल त्याने बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या मृत्यूचं घेतलं, आणि ते ठरवलं बायबलबाहेरच्या, माणसांनी ठेवलेल्या नोंदींवरून. पुढे १७०१ पासून हे आकडे इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले आणि लोक ते वचनासारखे वाचू लागले. म्हणजे माणसांचा इतिहास नको म्हणणाऱ्या दाजींच्या भिंतीवर माणसाचाच इतिहास टांगलेला. मी एवढंच बोललो. दाजींनी बायबल मिटलं, सुतळी परत बांधली आणि म्हणाले, "मास्तर, तुमची विद्या पोरांसमोर नको." अक्काने लगेच चहा आणला, म्हणजे विषय संपला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. 'माणसांचा इतिहास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना इतिहास कसा चालतो हेच ठाऊक नसतं. आमच्याच गावचं बघा. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात चुका होत्या, पण त्या शोधल्या माणसांनीच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना वाईत जुनी पत्रं सापडली, १८९८ मध्ये पहिला खंड निघाला आणि बखरींतलं कितीतरी पुन्हा तपासावं लागलं. इतिहास चुकतो आणि दुरुस्तही होतो. समासातला आकडा कोण दुरुस्त करतंय?

उलट बाजूचे शहाणेही मला तितकेच नकोसे होतात, जे बायबल म्हणजे निव्वळ कथा म्हणतात. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, अध्याय १८ काढा. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला आणि यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याला तीनशे किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपे आणि तीस किक्कार सोनं दिलं असं तिथे आहे. इ.स.पू. ७०१ ची ही स्वारी सन्हेरीबने स्वतःच मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरून ठेवलीय. त्यातही सोनं तीसच! रुपं मात्र आठशे. हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं म्हणून फुशारकी मारतो, पण शहर घेतलं असं कुठेच म्हणत नाही. दोन शत्रूंची टिपणं इतकी जुळतात याहून इतिहासाच्या मास्तराला काय हवं? येशूला क्रूसावर देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याचं नाव कोरलेला दगडही १९६१ मध्ये कैसरीयात सापडलाच.

काही ठिकाणी जुळत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक येशूच्या जन्मावेळची नावनिशी, म्हणजे खानेसुमारी, रोमन सुभेदार क्विरिनियाच्या काळातली सांगतो. त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस याच्या हिशेबाने ती इ.स. ६ ची, आणि दुसरा शुभवर्तमानकार मत्तय येशूच्या जन्मावेळचा राजा म्हणून ज्या हेरोदाचं नाव घेतो तो तर इ.स.पू. ४ च्या सुमारास मेला होता. यावर विद्वानांनी बऱ्याच कसरती केल्यात, मला एकही पटली नाही. तरी नाताळच्या उपासनेला मी पहिल्या बाकावर असतो.

आणि लूकच सुरुवातीला, ज्याच्यासाठी तो लिहितो त्या थियफिलाला, सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा त्याने मुळापासून शोध केला. तिसऱ्या अध्यायात रोमचा सम्राट तिबिर्य कैसर याचं पंधरावं वर्ष म्हणून साल घालतो. प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात बजावतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. ही माणसं घडलेल्या गोष्टीवर पैज लावत होती. त्यांच्या नावाने इतिहास बंद करा म्हणणं मला तरी श्रद्धा वाटत नाही, भीती वाटते.

मी पाळक नाही, हेही सांगून ठेवतो. पुनरुत्थान दगडाधोंड्यांवरून सिद्ध होणार नाही, तिथे इतिहास थांबतो आणि पुढचं ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या मंडळीत पाळक साहेब वेगळं सांगत असतील तर भर उपासनेत उठून वाद घालू नका, नंतर निवांत विचारा. फक्त कोणी "बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय" म्हणालं की वचनाचा आकडा मागा, आणि पान उघडलं की बोट ओळीवर आहे की समासात ते बघा. दाजी, तुम्हीही हे वाचाल, अक्का फोनवर सगळं दाखवते तुम्हाला. पोरगी आता आठवीत गेलीय आणि हडप्पाचं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही.