आईबाबांसाठी नंबर दिसणारा लँडलाइन फोन घेतला आहे. आलेल्या नंबरावर परत फोन लागत नाही. आणि तो सुरक्षित वापरायचा कसा?

तुमचे आईबाबा साताऱ्याला दोघंच राहतात, फोनच्या यादीतून नंबर काढून डायल केला की 'आधी शून्य लावा' असं ऐकू येतं, आणि कुठल्या नंबरावर परत फोन करावा हेही त्यांना कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. घरोघरी असे संच बसवलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शून्याचं आधी. तुमच्या संचात काही बिघाड नाही. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना नंबराआधी 0 लावणं देशभर सक्तीचं झालं. मोबाइलसाठी सुमारे 254 कोटी नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून दूरसंचार विभागाने हा बदल केला. संच मात्र आलेले दहा आकडे जसेच्या तसे साठवतो आणि तसेच डायल करतो. काही संचांत यादीतल्या नंबराला 0 जोडायची सोय असते, पुस्तिकेत पाहा. नसेल तर पडद्यावरचा नंबर कागदावर उतरवून 0 लावून हाताने फिरवायचा. परगावच्या लँडलाइनचंही तसंच: 20 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर पुण्याचा, तो 020 असा लावायचा. 2162 ने सुरू होणारा साताऱ्यातलाच, तिथे शेवटचे सहा आकडे पुरतात.

आणखी एक. काही लाइनींवर नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो. तिथे पहिल्याच रिंगला रिसिव्हर उचलला की पडदा कोराच राहतो. दुसरी रिंग होऊ द्या, मग उचला, एवढंच आईंना सांगा.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. पडद्यावर दिसलेला नंबर म्हणजे बोलणाऱ्याची ओळख नव्हे. परदेशातून केलेला फोन भारतीय नंबराचा भासवता येतो. असे फोन अडवायला सरकारला ऑक्टोबर 2024 मध्ये वेगळी यंत्रणाच सुरू करावी लागली. म्हणून पैशाचा, बँकेचा, पेन्शनचा, पोलिसांचा विषय निघाला, की यादीतून परत फोन करायचाच नाही. फोन ठेवायचा आणि आपल्या डायरीतल्या किंवा पासबुकावरच्या नंबरावर आपण स्वतः लावायचा. यादीतला नंबर फोन करणाऱ्याने दिलेला असतो, डायरीतला आपण लिहिलेला असतो. बँकेच्या व्यवहाराचे फोन आता 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येणं अपेक्षित आहे आणि जाहिरातींचे 140 ने सुरू होणाऱ्या. हे ओळखायला उपयोगी आहे. पण 1600 दिसलं तरी ओटीपी सांगायचा नाही.

'ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा फोन बंद होईल, 9 दाबा' हा फोन वयस्कर माणसांना फार घाबरवतो. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, ती कुणाचाही फोन तोडायला असा फोन करत नाही. 9 दाबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, ठेवून द्यायचा. पोलिस असल्याचं सांगून फोनवरूनच 'डिजिटल अरेस्ट' केल्याचं भासवतात, पण अशी अटक कायद्यात नाही, हे तर बाबांना दोनदा समजावून सांगा.

लँडलाइनची एक खोड मोबाइलवाल्यांना माहीत नसते. जुन्या एक्स्चेंजमध्ये ज्याने फोन लावला तो ठेवेपर्यंत लाइन पुरती सुटत नसे. ब्रिटनमध्ये भामट्यांनी याचा फायदा घेतला. 'खात्री करायची तर फोन ठेवा आणि बँकेला लावा' असं म्हणायचे, स्वतः मात्र लाइन धरून बसायचे आणि डायल टोनचा आवाज वाजवायचे. समोरचा बँकेचा नंबर फिरवायचा आणि पुन्हा त्यांच्याशीच बोलायचा. तेव्हा संशयास्पद फोनानंतर खात्री करायची असेल तर मोबाइलवरून करा किंवा आधी तुम्हाला लावायला सांगा. तुमचा आवाज ओळखीचा आहे, त्यांना कळेलच. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. इथे उशीर महागात पडतो.

एकदा वाजून बंद झालेल्या अनोळखी परदेशी नंबरावर कधीच परत फोन करू नका. त्याचा मिनिटाचा दर जबर असतो आणि तेच त्या भामट्यांचं उत्पन्न. घरातलं कुणी परदेशात नसेल तर आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावायची सोय, बंद आहे ना, हे एक्स्चेंजमध्ये विचारून घ्या.

विजेचं बोलायचं तर तांब्याच्या लाइनीत एरवी 48 व्होल्टच्या आसपास दाब असतो, पण रिंग वाजताना त्यावर 75 व्होल्ट किंवा जास्तच एसी येतो. रोझेट, म्हणजे लाइन जिथे जोडतात ती भिंतीवरची डबी, उघडून तार हातात धरलेली असताना कुणी फोन लावला, तर कोपरापर्यंत झिणझिणतं, हे मी पुष्कळदा अनुभवलंय. रोझेटचं झाकण निघालेलं असेल तर बसवून घ्या आणि ओल्या फडक्याने ते पुसू देऊ नका. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की वायरवाल्या फोनवर बोलणं थांबवायचं. आभाळ भरून आलं की प्लग आधीच काढून ठेवायचा, वीज कडाडायला लागल्यावर हात लावायचा नाही. खांबावरून येणारी वायर असेल तर हे कटाक्षाने पाळा.

कॉर्डलेस असेल तर त्यात चार्ज होणारेच सेल हवेत. दुकानातले साधे पेन्सिल सेल घालून हँडसेट चार्जिंगला ठेवला तर ते गळतात, फुटूही शकतात. नंबर दिसणाऱ्या साध्या संचातले सेलही अधूनमधून बघा. टोकांना पांढरी-हिरवट पूड दिसली की बदला.

शेवटी लाइन तांब्याची आहे की फायबरची, हे बघा. तांब्याला वीज एक्स्चेंजमधून येते, घरची लाइट गेली तरी साधा वायरवाला फोन चालतो. फायबरवर मात्र लाइट जाऊन, फायबर जिला जोडलेली असते ती भिंतीवरची छोटी पेटी बंद पडली की फोनही बंद. रात्री-अपरात्री 112 ला किंवा तुम्हाला फोन करायची वेळ आली तर तो लागलाच पाहिजे, म्हणून त्या पेटीला छोटा यूपीएस जोडून द्या. संचाचं मॉडेल कळवलंत तर यादीत 0 कसा जोडायचा तेही बघून सांगेन.