नाताळच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन रेल्वेने अमृतसर-दिल्लीला जायचंय. सगळ्यांचं सामान एकाच मोठ्या बॅगेत भरावं का?

तुम्ही लिहिलंय की आईवडील आणि दोन मुलं धरून सहाजण आहात, नाताळात निघणार आहात आणि धावपळ होऊ नये म्हणून सगळ्यांचं मिळून एकच मोठी बॅग करावी असा विचार आहे.

करू नका. तयारीबद्दल बाकी सांगणारे पुष्कळ भेटतील, मी या एका मुद्द्यासाठी लिहायला बसले आहे.

माझं माहेर परभणी. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस आमच्या गावावरून थेट अमृतसरला जाते, त्यामुळे आमच्याकडच्यांना पंजाब फारसा लांब वाटत नाही. वाटेत स्टेशनांवर शीख मंडळी डब्याशी येऊन लंगर वाढतात, म्हणून जाणती माणसं घरून ताट-वाटी घेऊनच गाडीत बसतात. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्हीही असेच निघालो. आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी.

दादाचा प्रवासातला एकच हट्ट, नग कमी पाहिजेत. चढताना मोजायला सोपे, उतरताना विसरायची भीती नाही. त्यासाठी त्याने भलीमोठी चाकांची बॅग आणली आणि सातजणांचे स्वेटर, टॉवेल, चपला, बाबांच्या गोळ्या, सगळं तिच्यात कोंबलं. मी निघायच्या आदल्या रात्री म्हटलं, आईचं तरी वेगळं ठेव. तो म्हणाला, "रेल्वे माणशी चाळीस किलो नेऊ देते, तू कशाला काळजी करतेस?" स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं हे खरं. पण चाळीस किलो न्यायची मुभा आहे म्हणजे ते एका माणसाला उचलता येतं असं थोडंच आहे? जाताना ती बॅग बर्थखाली गेलीच नाही. प्रवासभर सगळ्यांच्या पायांत होती.

खरं घडलं ते परतताना, दिल्लीत. गाडी रात्री आठची. हॉटेल दुपारीच सोडलेलं, म्हणून दादाने बॅग स्टेशनच्या क्लोकरूमला टाकली. तिथे कुलूप लावलेलंच सामान घेतात. खाण्याची थैली वेगळी होती, तिला कुलूप कुठून लावणार? दादाने तीही मोठ्या बॅगेत घातली आणि कुलूप लावलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या दशम्या, सगळं आत.

आईला इन्सुलिन आहे. पेन तिच्या पर्समध्ये होतं. साडेसातला तिने नेहमीसारखं टोचून घेतलं, कारण दादा बॅग आणायला गेलेला होता आणि गाडीत बसल्याबरोबर जेवायचं ठरलं होतं. बाहेरचं ती प्रवासात खात नाही. मग पाटीवर गाडी दोन तास उशिरा, थोड्या वेळाने चार तास. धुक्यामुळे सगळ्याच गाड्या लांबलेल्या, म्हणून क्लोकरूमला रांग ही एवढी. दादा रांगेत अडकला.

सव्वाआठ-साडेआठ झाले असतील. बोलताना तोंडातून वाफ निघत होती इतकी थंडी. आईने शाल काढून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, अगं पांघर की. तिने उत्तर दिलं नाही. कपाळाला हात लावला तर ओलं. त्या गारठ्यात माझ्या आईला घाम फुटला होता, केसांच्या मुळाशी थेंब दिसत होते, आणि ती माझ्याकडे ओळख नसल्यासारखी बघत होती. साखर उतरली होती. आमच्या सातजणांत मिळून जवळ खायला एक बिस्कीटसुद्धा नव्हतं. वहिनी चहावाल्याकडे पळाली. शेजारी एक पंजाबी आजी बसल्या होत्या, त्यांनी काही न विचारता पिशवीतून रेवड्यांचं पाकीट काढून फोडलं आणि आईच्या हातावर ओतलं. वहिनीने जास्तीची साखर घातलेला चहा आणला. पंधरा-वीस मिनिटांनी आईने विचारलं, "दादा कुठंय?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दादा बॅग ओढत आला तो नऊ वाजता.

दादा आजही म्हणतो, दोष धुक्याचा. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीपासून पंजाबपर्यंत धुकं दरवर्षीच असतं, ते काय आमच्यासाठी नव्याने पडलं होतं? बॅग मात्र आपण भरलेली होती.

म्हणून प्रत्येकाची पाठीवरची आपापली बॅग, आणि वजन इतकंच की त्याला ती घेऊन जिना चढता आला पाहिजे. मुलांनासुद्धा. आईवडिलांच्या अंगावर एक छोटी पिशवी, जी झोपतानाही उशाशी राहील. त्यात औषधं, साखरेच्या पुड्या किंवा गोळ्या, बिस्किटं, कानटोपी, कोरडे मोजे. मोजे यासाठी की हरमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, अनवाणी, पाण्यातून पाय धुऊन आत जायचं असतं आणि डिसेंबरात तिथला संगमरवर बर्फासारखा लागतो. बाहेर आल्याआल्या पाय पुसून मोजे घालायला द्या. अटारी-वाघा सरहद्दीवरच्या संचलनाला पिशव्या आत सोडत नाहीत, तेव्हा औषध खिशात काढून ठेवा.

कपड्यांबद्दल एकच सांगते. आमच्या परभणीचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, म्हणून आम्हाला वाटलं थंडीची सवय आहे. पण इथे दहा वाजता ऊन पडतं. तिकडे धुक्यात दिवसभर सूर्य दिसत नाही, थंडी हटतच नाही. आतून इनर, वर सुती पूर्ण बाह्यांचं, मग स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट असे थर घाला. आणि स्वेटर इथून ढीगभर नेऊ नका, लोकरी कपड्यांचं गावच लुधियाना, अमृतसरलाही भरपूर मिळतात.

तिकिटं ६० दिवस आधी सुटतात (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होते). म्हणजे २५ डिसेंबरचं तिकीट २६ ऑक्टोबरला सकाळी आठला काढायला बसा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फतेहगढ साहिबला साहिबजाद्यांच्या (गुरू गोविंदसिंगांच्या मुलांच्या) शहीदीनिमित्त मोठा मेळा असतो, सरहिंदच्या बाजूला गर्दी धरून चाला. दिल्लीहून पुढची गाडी त्याच दिवशीची ठेवू नका, आणि परतल्यावर कामावर जायच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात, फक्त गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर मोठ्या बॅगेने फारसं बिघडत नाही. तान्हं मूल असेल तर त्याचं सामान एकत्र लागतंच. विमानाने गेलात तर इन्सुलिन जवळच्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात टाकू नका, ते गोठलं की वाया जातं. आणि गाडीला उशीर झाला तर डोस कधी घ्यायचा हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

यंदा आम्ही परत जातोय. दादाची बॅग तीच आहे. आईसाठी मी गळ्यात अडकवायची पिशवी शिवून घेतलीय, तिच्या पुढच्या कप्प्यात रेवड्या असतात.