शेतात काम करणाऱ्यानं चष्मा ठेवावा, लेन्स लावावी की लेझर करावं?

तुमचं वय २३, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेचार, घरी पऱ्हाटी अन् सोयाबीन. घामानं चष्मा नाकावरून घसरतो, म्हणून लेन्स घ्यावी की सरळ लेझर करून मोकळं व्हावं, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, मी हिंगणघाटकडच्या खेड्यातला, नंबर जवळपास तुमच्याएवढाच. चष्मा लावून झाला, लेन्स लावून झाली, लेझर करायला नागपूरला जाऊन तसाच परतही आलो. वावरात जाणं सुटत नाही तोवर लेन्सच्या नादी लागू नका, एवढं मी छातीठोक सांगतो.

माझं लेन्सचं वेड लग्न जुळवायच्या दिवसांतलं. पोरगी पाहायला जाताना नाकावर भिंगं नकोत म्हणून महिनाभर चालणाऱ्या लेन्स आणल्या. वर्षभर छान चाललं, खोटं कशाला बोलू. मग दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची मळणी आली. हडंब्यापुढे, म्हणजे मळणीयंत्रापुढे, उभं राहिलं की कुटार उडणारच. उजव्या डोळ्यात बारीक काडी गेली. मी लेन्स काढली, विहिरीच्या पाण्यानं डोळा धुतला, त्याच पाण्यात लेन्स खळबळली आणि परत लावून कामाला लागलो. डोळा धुतला तेवढंच बरोबर, पुढचा सगळा गाढवपणा.

रात्री डोळा लाल झाला. सकाळी मेडिकलमधून थेंब आणले. दोन दिवस लाली गेली, आठव्या दिवशी काळ्यावर पांढरा ठिपका दिसायला लागला. माय म्हणाली, "डोया हाय का काय हाय तो? चाल पहिले दवाखान्यात!" डॉक्टरांनी डोळ्यावरचं जरासं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशी निघाली. मी टाकत होतो त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. त्यानं लाली दबते, म्हणून वाटतं बरं होतंय. पण डोळ्याची लढायची ताकदही तेच दाबतं, आणि आत बुरशी आरामात पसरते. मग नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे थेंब, दर तासाला, रात्रीसुद्धा. माय मोबाइलवर गजर लावून उठायची. दीड महिना वावर बंद. डोळा वाचला, पण फूल पडलं. नशीब, ते बाहुलीच्या मधोमध नाही.

काडी, पातं, कुटार यांच्या जखमेतून बुरशी शिरणं हे शेतकऱ्याच्या डोळ्याचं जुनंच दुखणं आहे; लेन्स नसतानाही होतं. लेन्समुळे दुखणं वाढतं, कारण तिच्याखाली कचरा अडकतो आणि खरचटलेल्या जागेला हवा मिळत नाही. त्यात विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा जीव असू शकतो, आणि त्याचा संसर्ग बुरशीइतकाच चिवट. लेन्सला सोल्यूशनशिवाय दुसरं पाणी लावायचं नाही, ती घालून आंघोळ नाही, झोप नाही. तुरीत पाणी द्यायला रात्री दोनला उठणाऱ्या माणसाकडून हे होतं का, तुम्हीच सांगा. लग्नाकार्याला लावायचीच असेल तर एक दिवस वापरून फेकायची घ्या.

आता लेझर. या किरणांचा असा उपयोग शोधणाऱ्यांत आपला एक माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं. मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएम या संगणक कंपनीत असताना त्यांनी जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कुर्चेवर एक्सायमर लेझर चालवून पाहिला, तर आजूबाजूला न भाजता स्वच्छ काप गेला.

डोळ्यात तो लेझर बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, घासून पातळ करतो. ही काच साधारण ५४० मायक्रॉन जाड असते, अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. एका नंबरमागे ढोबळमानानं १२ ते १५ मायक्रॉन जातात. तुमच्या साडेचारला ५४ ते ६८ धरा. म्हणजे नंबर आवाक्यातला आहे. पण खरा प्रश्न काचेच्या आकाराचा. माझ्या डाव्या डोळ्याच्या स्कॅनमध्ये ती एका जागी पातळ होऊन पुढे आलेली दिसली. केरॅटोकोनसची सुरुवात. डॉक्टरांनी विचारलं, डोळे चोळता का? लहानपणापासून, धूळ गेली की दोन्ही मुठींनी! ते म्हणाले, चोळणं बंद, आणि लेझर होणार नाही. पैसे खिशात घेऊन गेलो होतो, राग आला. आता वाटतं, पैसे परत नेऊ देणारा डॉक्टर भेटला हेच मोठं.

धाकट्या बहिणीचं मात्र झालं. नंबर उणे तीन, काम बँकेत. चार महिने कोरडेपणाचे थेंब, रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडं दिसायचं, आता काही तक्रार नाही.

तुमचा नंबर वर्षभर न बदलता टिकलेला असेल आणि स्कॅन स्वच्छ असेल तर जरूर करा, पण डॉक्टरांना सांगा की मी शेतकरी आहे. नेहमीच्या लॅसिकमध्ये काचेची एक पातळ चकती उचलून परत बसवतात. ती पुढे कधी जोराच्या फटक्यानं सरकू शकते, आणि बैलाची शेपटी काय ऑपरेशन विचारून फिरत नाही. चकती न उचलता करायचे प्रकारही आहेत. त्यातल्या पीआरकेमध्ये सुरुवातीचे तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर साफ व्हायला काही आठवडे लागतात. स्माइलमध्ये बारीक छेद असतो, खर्च जास्त. मी असतो तर पोळ्याआधीचे दिवस निवडले असते. हवेत ओल असते, धूळ नसते. फवारणी तेवढी दुसऱ्यावर सोपवायची. मार्च-एप्रिलचं ऊन अन् गव्हाचा भुसा तर नकोच.

लेझरनंतरही चाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच. आणि उणे नंबरवाल्याचा आतला पडदा कमजोर असू शकतो, तो काही लेझरनं सुधारत नाही; अधूनमधून तपासायचा.

तोवर चष्मा नीट करून घ्या. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे चिवट प्लॅस्टिकची काच, कारण दगड-काडी लागली तर ती सहसा फुटत नाही. मागून दोरी किंवा इलॅस्टिक पट्टा, घसरायचा प्रश्न तिथेच संपतो. फवारणीला मात्र चष्मा म्हणजे काहीच नाही, वरून बंद गॉगल लागतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्कॅनला जाताना चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या न्या, नंबर टिकलाय की नाही ते त्यावरूनच कळतं. आणि सोबत कुणाला तरी घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. मी एकटाच गेलो होतो, भर उन्हात स्टँडवर डोळे उघडेनात, दुपट्ट्याआडून प्रत्येक एसटीला "हिंगणघाट काय?" विचारत बसलो.