पाय गुडघ्याच्या वर कापायचा की खाली, हे स्कीनच्या टेस्टवरून कळतं का?

तुम्ही विचारलंय की बाबांना गँगरीन झालंय, पाय कापावा लागणार, घोट्याचं प्रेशर तर नॉर्मल आलं, मग सर्जन आता स्कीनचा ऑक्सिजन मोजायला का सांगतायत आणि त्यावरून जखम भरेल का ते खरंच कळतं का. मी मडगावला याच टेस्ट करते म्हणून लिहिते. बऱ्यापैकी कळतं, आणि टेस्ट नक्की करून घ्या.

घोट्याच्या नॉर्मल आकड्यावर अजिबात विसंबू नका. बरीच वर्षं शुगर असली की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, म्हणून रेशो (घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर) छान दिसतो, कधी 1.4 च्याही वर जातो आणि खाली बोटं काळी पडत असतात. गोव्यात हे सारखं बघायला मिळतं, 2023 ला आलेल्या आयसीएमआरच्या सर्व्हेत डायबिटीसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्याकडेच निघालं, 26.4 टक्के. आणि टाके धरणार की नाही हे शेवटी कापलेल्या कडेच्या स्कीनपर्यंत बारीक वाहिन्यांतून किती रक्त पोचतं त्यावरच ठरतं ना, ते घोट्यावर पट्टा बांधून कसं दिसणार.

टेस्टमध्ये सुई वगैरे काही नाही. जिथे कापायचा विचार आहे तिथे, म्हणजे गुडघ्याच्या थोडं खाली, एक छोटा सेन्सर चिकटवतात, तो स्कीन 43-45 डिग्रीपर्यंत गरम करतो, त्याने बारीक वाहिन्या उघडतात आणि स्कीनमधून बाहेर येणारा ऑक्सिजन मोजला जातो. तुलनेसाठी एक सेन्सर छातीवर. 15-20 मिनिटं गप्प पडून राहायचं. आकडा 40 मिमी पाऱ्याच्या वर आला तर जखम भरायची शक्यता चांगली, 20 च्या खाली असेल तर अवघड, मधल्या आकड्यांत मात्र खरी पंचाईत, तिथे सर्जन पायाची ऊब, इन्फेक्शन, अँजिओग्राफी असं सगळं मिळून ठरवतात. लेसर डॉपलरने, म्हणजे लेसरच्या उजेडाने रक्ताचा प्रवाह बघून, स्कीनचं परफ्युजन प्रेशर (स्कीनला रक्त पोचवणारं प्रेशर) पण मोजतात, आणि पूर्वी तर क्झेनॉन-133 हा किरणोत्सारी पदार्थ स्कीनमध्ये टोचून ते किती वेगाने वाहून जातं ते बघायचे. म्हणजे सर्जन लोकांना हा प्रश्न कित्येक वर्षं छळतोय.

एवढा खटाटोप कशाला, तर गुडघ्यासाठी! गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालणं खूप सोपं जातं, गेला तर चालायला कितीतरी जास्त ताकद लागते आणि वयस्कर माणसं बरेचदा पाय बसवूनही खुर्चीतच राहतात. पण हट्टाने खाली कापलं आणि जखम सडली तर परत ऑपरेशन, त्यात माणूस पार खचतो. म्हणून आकडा कमी आला तर लगेच वर कापायला हो म्हणू नका, आधी विचारा की अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्त वाढवता येईल का. आता इन्फेक्शन पसरत असेल तर थांबायला वेळ नसतो, तेव्हा सर्जन सांगतील ते ऐका. आणि अँजिओप्लास्टीनंतर आकडा दुसऱ्याच दिवशी वाढत नाही, तीन-चार आठवडे पण लागतात, तेव्हा घाईत परत मोजून निराश होऊ नका.

टेस्टला नेताना बाबांनी सिगरेट-विडी काही ओढलेली नको, खोलीत एसी फार थंड नको, आणि पायाला सूज असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा, सुजलेल्या स्कीनवर आकडा खोटा कमी येतो.