सबप्रोसेसने चालवलेल्या स्क्रिप्टचं कव्हरेज शून्य का येतं?

टेस्ट सगळ्या पास, स्क्रिप्टचं आउटपुटही बरोबर, पण कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याच्या, रिपोर्टमध्ये त्याच फाइलपुढे ० टक्के. हे तुमच्या टेस्टमुळे होत नाहीये. कव्हरेज डॉट पाय हे मोजणीचं टूल ज्या पायथन प्रोसेसमध्ये सुरू होतं, तिच्यातल्याच ओळी मोजतं. सबप्रोसेस डॉट रनने स्क्रिप्ट चालवली की वेगळा इंटरप्रिटर उभा राहतो आणि त्यात मोजणी सुरू करायला कुणी सांगितलेलंच नसतं.

कव्हरेज डॉट पायची ७.१० किंवा पुढची आवृत्ती असेल तर कॉन्फिगच्या 'रन' विभागात 'पॅच = सबप्रोसेस' लिहा. जुन्या आवृत्तीत साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये एक पीटीएच फाइल (पायथन सुरू होताना आपोआप वाचतो ती) टाकून तिच्यातून प्रोसेस_स्टार्टअप हे फंक्शन बोलवायचं, आणि कव्हरेज_प्रोसेस_स्टार्ट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कॉन्फिगचा पत्ता द्यायचा. सोबत 'पॅरलल = ट्रू' हवंच, नाहीतर प्रोसेस एकमेकींचा डेटा पुसतात. शेवटी सगळ्या डेटा फाइल्स एकत्र करणारं कंबाइन, मग रिपोर्ट.

इथपर्यंत सगळे पोचतात. अडकतात ते पुढे. टेस्टमध्ये सबप्रोसेसला एन्व्ह म्हणून नवी कोरी डिक्शनरी दिली असेल तर ते व्हेरिएबल गळून पडतं. ओएस डॉट एन्व्हायरनची प्रत घ्या आणि तिच्यात भर घाला. स्क्रिप्ट तात्पुरत्या फोल्डरमधून चालवत असाल तर कॉन्फिग आणि डेटा फाइल, दोन्हींचे पूर्ण पाथ द्या. नाहीतर डेटा त्या फोल्डरमध्ये लिहिला जातो आणि फोल्डरसोबतच उडतो. शीबँगच्या (स्क्रिप्टची '#!' ने सुरू होणारी पहिली ओळ) भरवशावर राहिलात तर भलताच पायथन उचलला जाऊ शकतो, ज्यात कव्हरेज बसवलेलंच नाही. म्हणून चालू पायथनचा पाथ देणारं सिस डॉट एक्झिक्युटेबल वापरा. आणखी एक: डेटा प्रोसेस संपताना लिहिला जातो. टर्मिनेट करत असाल तर 'सिगटर्म = ट्रू' ठेवा. प्रोसेस तडक मारणाऱ्या सिगकिलपुढे मात्र इलाज नाही.

खरं सांगायचं तर मी हा सगळा खटाटोप मोजक्या टेस्टपुरताच ठेवतो. स्क्रिप्टचं काम मेन फंक्शनमध्ये काढून त्याला आर्ग्युमेंटची लिस्ट दिली, की तेच फंक्शन टेस्टमधून थेट बोलवता येतं. टेस्ट झटपट चालतात आणि डीबगरही लावता येतो. एक्झिट कोड, सिग्नल, पाइप यांच्यासाठी तेवढ्या सबप्रोसेसच्या टेस्ट उरतात.

तरीही शून्यच दिसलं, तर कंबाइन करण्याआधी लपलेल्या (टिंबाने सुरू होणाऱ्या) फाइल्सची यादी बघा. एकच डेटा फाइल असेल तर बहुधा सबप्रोसेसमध्ये मोजणी सुरूच झालेली नाही, किंवा तिचा डेटा वर सांगितल्याप्रमाणे हरवलाय. बऱ्याच असतील तर बहुधा पाथ जुळत नाहीयेत; कॉन्फिगमधला 'पाथ्स' विभाग बघा.