टॉर वापरायचाय? मग आधी कामं वेगळी करा

टॉर ब्राउझर, म्हणजे तुम्ही कोण आणि कुठून आलात हे साइट्सपासून लपवणारा ब्राउझर टाकलात, चांगलं केलंत. पण लगेच बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट सगळं त्यातूनच करायला जाऊ नका. टॉरमधलं ट्रॅफिक सहसा ३ रिलेंमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरांमधून, फिरून जातं. बँकेला तुम्ही अचानक परदेशातून आल्यासारखे दिसता आणि खातं लॉक होऊ शकतं. शिवाय तिथे नाव-नंबर देऊनच आत शिरायचं, मग लपवायचं काय? त्यासाठी साधा फायरफॉक्स ठेवा, त्यात यूब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकर टाका. बास.

टॉर ठेवा आजारपण, कोर्टकचेरी, राजकारण असलं काही शोधायला.

आता टॉर ब्राउझरच्या सेटिंगमधली सुरक्षा पातळी. ‘सेफेस्ट’वर जावास्क्रिप्ट (साइटमध्ये चालणारा कोड) सगळीकडे बंद होतं, कितीतरी साइट्स उघडतच नाहीत, आणि नवखा माणूस वैतागून टॉरच काढून टाकतो. तुम्ही ‘सेफर’वर ठेवा. तिथे एचटीटीपीएस (सुरक्षित, एन्क्रिप्टेड जोडणी) नसलेल्या साइट्सवरच जावास्क्रिप्ट बंद असतं. एखादी साइट अडवायला लागली, तर ॲड्रेस बारमधल्या सर्किटच्या चिन्हावरून त्या साइटपुरतं नवं सर्किट, म्हणजे रिलेंचा नवा मार्ग, घ्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, टॉरमध्ये वरून एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची जादा सोय) घालू नका, ॲडब्लॉकरसुद्धा नको. सगळे टॉरवाले शक्य तितके एकसारखे दिसावेत, यातच त्याची ताकद आहे. तुमचं एक वेगळं एक्स्टेंशन तुम्हाला गर्दीतून उचलून दाखवू शकतं. काम बदललं की टॉरमधलं ‘न्यू आयडेंटिटी’ बटण दाबा. सगळे टॅब बंद होतात, म्हणून अर्धवट भरलेला फॉर्म आधी पाठवून टाका.