दरड ढासळते? आधी पाण्याची वाट शोधा

घराकडे चढणाऱ्या गाडीवाटेसाठी डोंगर कापला, तिथे आठ फुटांची तांबड्या मातीची उभी दरड राहिली. दर पावसात माती वाटेवर येते. काय लावू? (पर्वरी)

लावायचं नंतर. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि दरडीवर पाणी कुठून येतं ते बघा. पुष्कळदा ते छपराच्या पन्हळीचं किंवा वरच्या परसातलं असतं. आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. भिजून जड झालेली माती मग स्वतःच्याच वजनाने सुटते. म्हणून माथ्यावर, कडेपासून तीन-चार फूट आत आडवं गटार काढा आणि पाणी बाजूला न्या. गटाराचा तळ पक्का हवा, नाहीतर तेच पाणी मुरून दरडीत शिरतं. जागा असेल तर दरड तासून झुकती करा: फूटभर उंचीला दीड-दोन फूट पसरट.

त्यानंतर वाळा, म्हणजे खस गवत. जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की जुना गड्डा फोडून दोन-तीन काड्यांचे ठोंब करा, पात वीतभर ठेवून वरची छाटा आणि उताराला आडव्या ओळीत अर्ध्या-अर्ध्या वितीवर लावा. ओळ पाणसळीत हवी. एका टोकाला उतरती झाली तर पाणी तिथेच गोळा होऊन घळ पाडतं. दुसरी ओळ उंचीने तीन फूट खाली. वाळ्याची मुळं पसरत नाहीत, सरळ खाली जातात, मऊ मातीत पुरुषभराहून खोल. जांभा लागला तर तेवढी जाणार नाहीत, तरी वरचा थर धरून ठेवतात. पहिल्या वर्षी ओळींच्या मधली उघडी माती माडाच्या चुडतांनी (झावळ्यांनी) झाका. हे केलं नाही तर ठोंब रुजायच्या आधीच वाहून जातात, मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

चिऱ्यांची भिंत सिमेंटमध्ये बांधली, दुसऱ्या पावसात पोट बाहेर आलं. (डिचोली)

भिंतीमागे पाणी तुंबलं आहे. आपले जुने गडगे चुन्या-सिमेंटविना रचलेले, फटींतून पाणी सुटायचं. म्हणून ते टिकले. तुमच्या भिंतीला पाझरछिद्रं हवी होती: तीन इंची पाइप, साधारण पाच-पाच फुटांवर, बाहेर किंचित उतरते, आणि मागे मातीऐवजी खडीचा थर. पोट आलेल्या भिंतीवर गिलावा करून भागणार नाही. तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधा, आणि उंची पाच फुटांवर असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. तोवर खाली गाडी उभी करू नका.

दरड आणखी कापायला परवानगी लागते का? (फोंडा)

डोंगराळ जमीन असेल तर लागते. गोव्याचा नगर आणि ग्राम नियोजन कायदा, १९७४, कलम १७-अ. जेसीबी बोलावण्याआधी टीसीपीत, म्हणजे नगर नियोजन खात्यात, चौकशी करा.

फुलझाडं हवीत, सिंगापूर डेझी लावू का? (म्हापसा)

कृपा करून नको. पिवळी फुलं दिसतात छान, पण ती वेल सगळीकडे पसरते आणि बाकीचं काही उगवू देत नाही. वाळ्याच्या ओळींमध्ये अबोली, सदाफुली लावा, पायथ्याशी जास्वंद. फणस, आंबा कडेवर नको. मोठं झाड वाऱ्यात हललं की कडा सैल होते.